हिरव्या आणि लालच्या मधला चिखल

६ जानेवारी, सोमवार

अण्णांच्या फोनवर चौकोन बसवून आज परत आले. बोलून बोलून घसा बसलाय. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवलेल्या माणसाला एक बटण दाबायला शिकवताना मी हात टेकले.

"दाबलं की काय होतं?"
"हिरवा होतो."
"मग?"
"मग हळूहळू लाल होत जातो."
"कोण?"
"चौकोन, अण्णा."
"मला वाटलं, मी."

गेल्या महिन्यात ते न्हाणीघरात घसरले आणि मला आठवड्यानं कळलं, तेही खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडून. आई गेल्यापासून एकटे राहतात. माझ्या घरी चला म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करतात आणि खिळ्यावरची जुनी शिट्टी पुसायला घेतात. शेवटी मी माझ्या परीनं उपाय काढला. वेबपेज बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, तर बापासाठी एक पान बनवायला काय जातं.

पानावर एकच मोठा चौकोन. सकाळच्या चहानंतर एकदा आणि संध्याकाळच्या चहानंतर एकदा अण्णांनी तो दाबायचा. दाबला की हिरवा. तिथून तो लालकडे सरकायला लागतो आणि चोवीस तास कुणी हात लावलाच नाही तर लालभडक होतो. तोच चौकोन माझ्या फोनवर आणि ऑफिसच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात. हिरवा म्हणजे अण्णा ठीक. लाल म्हणजे सगळं टाकून धाव.

निघताना दारात म्हणाले, "ठके, आणि तुझी खुशाली मला कुठल्या चौकोनात कळणार?" मी म्हटलं, माझं काय, मी धडधाकट आहे.

८ जानेवारी, बुधवार

चालतंय. फक्त मधले रंग भयाण आहेत.

संगणकाला रंग म्हणजे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. मी हिरव्याचे तीन घेतले, लालचे तीन घेतले आणि जितका वेळ गेला त्या प्रमाणात एकेक आकडा इकडून तिकडे सरकवला. सरळ त्रैराशिक. पण अर्ध्या वाटेवर हिरवा निम्मा विझलेला असतो आणि लाल निम्माच पेटलेला, त्यामुळे मधोमध जे हाती लागतं तो चिखल. संध्याकाळी माझ्या स्क्रीनचा कोपरा बघून शेजारच्या टेबलावरचा चष्मिष्ट म्हणाला, "जरा पुसून घे, काहीतरी सांडलंय."

सांडलं नव्हतं, अण्णा विसरले होते. फोन केला. "अण्णा, दाबायचं विसरलात."

"अगं हो की. हा बघ दाबला. काय म्हणतेस, जेवलीस का? आवाज का असा?" मग शिंपीणकाकूंचं बिघडलेलं मशीन, समोरच्याची नवी स्कूटर, उजवा गुडघा. बराच वेळ गेला.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी अगदी नेमानं दाबतात. संध्याकाळी रोज विसरतात. रोज म्हणजे रोज. चौकोनाचा चिखल होतो, मी फोन करते, "दाबायचं विसरलात", "अगं हो की". वर आणि इतक्या पटकन उचलतात की जणू फोन मांडीवरच ठेवलेला.

मला काळजी वाटायला लागली आहे. म्हातारपणी विसर पडायला अशीच सुरुवात होते म्हणतात. परवा गमतीगमतीत परीक्षा घेतली. आजची तारीख, पंतप्रधान, सतराचा पाढा. सगळं बरोबर, शिवाय माझी चाचणी ओळखून त्यांनी शाळेच्या खो-खोच्या एका जुन्या संघाची सगळी नावं राखीव खेळाडूंसकट म्हणून दाखवली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सकाळी न विसरणारा माणूस संध्याकाळी बरा नेमका विसरतो." मी म्हटलं, संध्याकाळी माणूस थकतो, मेंदूही थकतो. तो वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला निघून गेला. याला काही म्हणायचं असलं की हा घड्या घालतो.

आज अण्णांनी नवीनच काढलं. "तुला ठाऊक आहे का, आपल्या स्वयंपाकघराची भिंत अर्धी निळी आणि अर्धी पिवळी का आहे?"

मांडीवर लॅपटॉप होता, दुसऱ्या दिवशीचं काम उघडं होतं. "आईला निळा आवडायचा, तुम्हाला पिवळा. माहितीये."

"तसं नाही ते. गंमत वेगळीच आहे."

"उद्या सांगा ना. दाबला ना चौकोन?"

"दाबला. बरं. ठेवू?"

फोन ठेवायच्या आधी ते नेहमी असं विचारतात. जणू माझ्याकडून परवानगी हवी.

२३ जानेवारी, गुरुवार

आज कपाळाला हात लावायची वेळ आली, तीही भर मीटिंगमध्ये.

चिखल घालवायचाच असं ठरवून काल मी आकड्यांची पद्धत बदलली. रंगांचं एक चाक असतं. लालपासून निघालं की केशरी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा करत परत लालवर. हिरव्यापासून लालपर्यंत सरळ रेषेनं न जाता या चाकाच्या कडेकडेनं गेलं तर वाटेत प्रत्येक रंग स्वच्छ मिळतो. केलं, तपासलं नाही, झोपले.

आज दुपारी अण्णांचा फोन. ते आपणहून कधीच करत नाहीत. तू कामात असशील म्हणतात.

"ठके, मी निळा पडलोय."

खुर्ची मागे सारून बाहेर जिन्यात आले. "म्हणजे काय? श्वास लागतोय का?"

"मी नाही गं, चौकोन. सकाळी हिरवा होता, आता पार निळा झालाय. निळा म्हणजे काय समजायचं? तू शिकवलंच नाहीस."

झालं होतं ते असं. चाकावर लाल म्हणजे शून्य अंश आणि लाल म्हणजेच तीनशे साठ, दोन्ही एकच ठिकाण. हिरवा एकशे वीसवर. मी लालसाठी तीनशे साठ लिहून बसले, मग तो बिचारा जवळची पिवळी वाट सोडून निळ्या-जांभळ्यातून सगळं चाक फिरत निघाला. हे अण्णांना समजावलं तर म्हणाले, "म्हणजे शाळेतून घरी यायला गावाला वळसा. तू लहानपणी तेच करायचीस." मग मी कुणाच्या अंगणातले पेरू बघायला जायचे आणि ते शिट्टी वाजवत मला कसे शोधायचे, ते सगळं निघालं. जिन्यात बसून इतकी हसले की वरून कुणीतरी डोकावलं.

"निळ्यावरून आठवलं," ते म्हणाले, "ती भिंत..." तेवढ्यात चष्मिष्ट बोलवायला आला. म्हटलं, अण्णा, नंतर. "बरं. ठेवू?"

२९ जानेवारी, बुधवार

आता बघण्यासारखं झालंय. हिरवा, पोपटी, पिवळा, केशरी, लाल. जवळच्या वाटेनं. शिवाय आणखी एक सुधारणा केली. आकडे सारखे सरकवले तरी डोळ्याला ते सारखे वाटत नाहीत. बराच वेळ काही होतच नाही आणि मग पिवळ्यावर एकदम उडी पडल्यासारखी दिसते. म्हणून प्रत्येक रंग डोळ्याला किती उजळ दिसतो ते मोजून टप्पे पुन्हा पाडले. आता आधीचा रंग आणि पुढचा रंग शेजारी ठेवले तरी फरक सापडत नाही. चष्मिष्टानं चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाला, "लोण्यासारखं झालंय." त्याच्या तोंडून कौतुक म्हणजे नवलच.

अण्णांना मात्र काही नाही. "तो चिखल गेला का कायमचा?"

"गेला. घाण दिसत होता."

"मला त्याच्यावरून कळायचं."

"काय कळायचं?"

"हेच. संध्याकाळ झाली ते."

घरात भिंतीवर हे एवढं घड्याळ आहे, पश्चिमेला खिडकी आहे. म्हाताऱ्या माणसांना कुठलाही बदल नको असतो, चांगल्यासाठी केलेला असला तरी.

५ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळच्या विसरण्यावर कायमचा तोडगा काढला. चौकोनाची मुदत वाढवून दीड दिवस केली. आता सकाळी एकदा दाबला की पुरे. तसंही संध्याकाळी आताशा तो छान पिवळा असतो, बघून घाईघाईनं फोन करावासा वाटत नाही.

अण्णांना सांगितलं. "म्हणजे संध्याकाळी काहीच नाही?"

"काहीच नाही. तुमच्या डोक्याचा ताप गेला."

"आणि पिवळा झाला तर?"

"पिवळ्याला घाबरायचं नाही. केशरी झाला तरी चालेल. लाल व्हायच्या आत दाबायचा, बस."

मग म्हणाले, "मध्ये किती रंग असतात गं?"

"हवे तितके. कुठल्याही दोन रंगांच्या मध्ये आणखी एक काढता येतो. त्या दोघांच्या मध्ये आणखी एक."

"मग लाल कधी येतच नसेल."

"येतो हो. कळत नाही इतका हळू येतो, एवढंच."

मास्तरांनी गणितातलं कोडं टाकावं तसं टाकलं. मला गंमत वाटली म्हणून लिहून ठेवते आहे.

३ मार्च, सोमवार

महिना झाला काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं, आणि ते चांगलंच आहे.

अण्णांना अखेर सवय लागली. रोज सकाळी हिरवा. मधे दोनदा केशरीपर्यंत ताणलं होतं. मी मीटिंगमध्ये होते, नुसता निरोप टाकला, "अण्णा, दाबा". लगेच दाबला. उत्तर आलं, "बरं". त्यानंतर चूक नाही. एवढ्या कटकटीनंतर गाडी रुळावर आली याचं समाधान वाटतं.

ऑफिसात मोठं काम येऊ घातलंय. इमारतींच्या लिफ्ट सांभाळणारी एक कंपनी आहे, त्यांना प्रत्येक लिफ्टची तब्येत रंगात दाखवून हवी आहे. दुरुस्ती होऊन किती दिवस झाले, किती वेळा अडकली वगैरे. मी म्हटलं, रंग माझ्याकडे तयार आहेत.

नवरा रात्री जेवताना म्हणाला, "अण्णांना फोन कर." मी फोन उचलून त्याला स्क्रीन दाखवली. "हिरवे आहेत." शेवटचं कधी बोललो? गेल्या रविवारी असेल, किंवा त्याच्या आधीच्या. त्यांचं काही नवीन नसतं.

२१ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस माझा. लिफ्टवाल्यांनी काम दिलं. ऑफिसातच बसून हे लिहितेय, घरी जाईपर्यंत धीर नाही.

आधी मी त्यांना साधी पद्धत दाखवली, सरळ रेषेची. मधोमध चिखल आल्यावर त्यांच्या साहेबांनी नाक मुरडलं. मग म्हटलं, आता चालू असलेलं खरं उदाहरण बघा, आणि अण्णांचा चौकोन मोठ्या पडद्यावर लावला. सुरेख केशरी झाला होता, पिकल्या फळासारखा. म्हटलं, हा काल सकाळी हिरवा होता, तेव्हापासून हळूहळू इथवर आलाय. तुम्ही बघत असताना आत्ताही बदलतोय. कुठे बदलला ते दाखवा. सगळे टक लावून बघत बसले, साहेबांनी तर चहा गार होऊ दिला. कुणालाही दाखवता आलं नाही. साहेब म्हणाले, हेच हवंय आम्हाला, माणसं उगाच घाबरायला नकोत.

अण्णांनी आज दाबलेला दिसत नाही. पुन्हा जुनी खोड. निघताना निरोप टाकते.

फोन वाजतोय. शिंपीणकाकू.

८ एप्रिल, मंगळवार

त्यानंतर थेट आज लिहायला बसले. दवाखान्याच्या बाकावर.

अण्णा त्या शुक्रवारी सकाळी चहा ठेवायला उठले आणि स्वयंपाकघरात पडले. मेंदूत रक्ताची गाठ. फोन टेबलावर होता, हात पोचत नव्हता. शिवायला टाकलेला पायजमा न्यायला ते आले नाहीत म्हणून काकू संध्याकाळी वर गेल्या. तोपर्यंत ते फरशीवर होते. मी त्यांचा चौकोन पडद्यावर लावून लोकांकडून वाहवा घेत होते तेव्हाही ते फरशीवर होते.

डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर वाचा बहुधा वाचली असती. साधेपणानं म्हणाले, हातातल्या कागदावरून वर बघत. जुनी पद्धत असती तर? मी पुन्हा पुन्हा तोच हिशेब मांडते. आदल्या संध्याकाळी चहानंतर दाबलेला असता, सकाळ होईतो चिखल झाला असता. चिखल बघून मी फोन केला असता, उचलला नसता. मी काकूंना वर पाठवलं असतं. एवढंच लागत होतं. तो घाण रंग लागत होता आणि तो मी पुसून टाकला.

जीव वाचला. उजवी बाजू लुळी आहे. समजतं सगळं, पण शब्द गेले. एकच उरला आहे. "बरं." पाणी हवंय का, तर बरं. दुखतंय का, तर बरं. नको असतं तेव्हाही बरं.

१३ एप्रिल, रविवार

अण्णांना आता आमच्याकडेच आणायचं म्हणून त्यांचे कपडे घ्यायला गेले होते. काकूंनी पायजमा इस्त्री करून ठेवला होता. पिशवी भरायला मदत करता करता म्हणाल्या, "त्या चौकोनाचं काय बिनसलं होतं गं मधे?"

"बिनसलं नव्हतं. सुधारला होता."

"मास्तर हिरमुसले होते पार. त्याच्या आधी संध्याकाळी मी चहा घेऊन यायचे, तर फोन मांडीवर ठेवून बसलेले. मी म्हणायचे, मास्तर, दाबा की, पोर काळजी करेल. तर म्हणायचे, थांबा, चिखल होऊ दे. चिखल झाला की फोन करते ती." त्या हसल्या. "काय काय बोलायचं ते सकाळपासून ठरवून ठेवायचे. एखादं विसरायला नको म्हणून मलाच ऐकवून बघायचे आधी."

मी विचारलं, "भिंतीचं सांगितलं होतं का? निळी-पिवळी का आहे ते?"

"नाही बाई. ते म्हणाले, हे आधी ठकीला सांगायचंय."

काकू गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहिले. ही भिंत बघत मी लहानाची मोठी झाले. खाली निळा, वर पिवळा, मधे एक रेष, तीही एका टोकाला वर चढलेली. कुणाचा हात हलला होता? रंग संपला होता? भांडण झालं होतं, का हसता हसता झालं होतं ते? ज्यांना माहीत आहे त्यातली एक गेली आणि दुसऱ्यापाशी एकच शब्द उरलाय. मला सुचेना म्हणून मला येतं ते केलं. भिंतीचा फोटो काढला, दोन्ही रंगांचे आकडे काढले आणि मधला रंग काढला. शाळेत निळा आणि पिवळा मिळून हिरवा शिकवतात. सरळ आकड्यांनी काढला की राखाडी येतो.

मी त्यांना विसराळू ठरवलं होतं. त्यांना सतराचा पाढा विचारला होता.

१ जून, रविवार

अण्णांना आमच्याकडे आणून तीन आठवडे झाले. पलीकडच्या खोलीत, खिडकीशी पलंग. शिट्टी खिळ्याला लावली आहे. नवरा त्यांना रोज दाढी करून देतो आणि बडबड करत राहतो. मला ते अजून नीट जमत नाही. मी शेजारच्या खोलीत काम करते.

पंधरवड्यापूर्वी मी सगळं पुसून चौकोन पहिल्यासारखा केला. चाक नाही, डोळ्याचं मोजमाप नाही. तीन आकडे इकडून तिकडे, सरळ रेषेत. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. फोन त्यांच्या डाव्या हातापाशी ठेवला. नवऱ्यानं विचारलं, "ते आता एका भिंतीपलीकडे आहेत, चौकोन कशाला?"

सकाळी चहा झाला की नेमानं दाबतात. संध्याकाळी दाबत नाहीत.

आजही माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात चिखल झाला. उठून गेले. ते उशीला टेकून बसले होते, फोन मांडीवर, नजर दाराकडे.

"अण्णा, दाबायचं विसरलात."

"बरं," म्हणाले, आणि अर्ध्या चेहऱ्यानं हसले.

मी पलंगाच्या कडेला बसले. रोज भिंतीची एक नवी गोष्ट रचते. आज म्हटलं, निळा रंग संपला आणि दुकान बंद होतं, तसं का? बरं. आई रुसून अर्ध्यावर ब्रश टाकून गेली, तसं? बरं. का ती मी केलेली करामत? बरं. प्रत्येक वेळी त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे, आणि शब्द तोच. एकदा त्यांनी डावा हात उचलून हवेत आडवी रेघ ओढली आणि शेवटी वर नेली. काहीतरी सांगत होते. मी खूप प्रयत्न केला. मला नाही कळलं. त्यांनी हात खाली ठेवला, आणि माझी मुद्राच तशी झाली असावी, कारण त्यांनीच माझ्या मनगटावर थोपटलं.

मग पलीकडे माझा कामाचा फोन वाजला. त्यांनी ऐकला. माझ्याकडे पाहिलं, अंगठ्यानं सावकाश चौकोन दाबला आणि तो हिरवा झाल्याचं मला वळवून दाखवलं.

म्हणजे, ठेवू?

मी म्हटलं, नाही अण्णा, आज वेळ आहे. पलीकडे फोन वाजत राहिला. मी बसून राहिले.